विकतच्या मिठाचं मिठागर

राघोमामा कर्णिक म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. ठाण्याच्या कोर्टातल्या एका कारकुनाचा हा मुलगा. एका संस्थानाने शिष्यवृत्ती दिली म्हणून १८८५ साली बोटीत बसला आणि तीन वर्षं विलायतेत शेतकी शिकून आला. परत आल्यावर मोठी नोकरी त्याने धरली नाही. ठाण्यातच मास्तरकी केली. विलायतेच्या गोष्टी सांगायचा त्याला तिटकारा होता. का, ते त्याने एकदाच आईला सांगितलं, आणि आईने मला.

कॉलेजातल्या दहाबारा मुलांना घेऊन हॉलंड नावाचे प्रोफेसर दर उन्हाळ्यात सहलीला जात. दुसऱ्या वर्षी त्यांनी समुद्रकाठचं एक हवा खाण्याचं गाव दाखवलं. सकाळी धक्का पाहिला, दीपगृह पाहिलं. दुपारी सगळे एका बागेत गेले. तिथे कुंपण घालून ‘हिंदुस्थानातलं खेडं’ उभारलं होतं. शाकारलेल्या दोन झोपड्या, साखळीने बांधलेला एक आजारी हत्ती, आणि माणसं. हत्तीच्या लिदीचा, दारूचा आणि कुजक्या मासळीचा वास एकत्र होऊन नाकात बसत होता. मडमा नाकाला रुमाल लावून कुंपणाच्या दोराला रेलल्या होत्या, पण हलत कुणी नव्हतं.

एका झोपडीपुढे पत्र्याचं पसरट भांडं जमिनीत पुरलं होतं. त्यात वीतभर पाणी आणि वाण्याकडचं पिठासारखं पांढरं मीठ ओतलेलं. एक काळासावळा माणूस लंगोटीवर उभा राहून लांब दांड्याच्या लाकडी फळ्याने ते मीठ इकडून तिकडे ओढत होता. प्रोफेसर म्हणाले, “पाहा, समुद्राचं मीठ काढण्याची हजार वर्षांची रीत.”

राघोमामाने जन्मापासून खाडीकाठची मिठागरं पाहिलेली. कोंड्यात, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यात, पाणी घेऊन दिवसचे दिवस तापवतात, मग कुठे करडं, जाड मीठ धरतं. हा भोंदूपणा पाहून त्याच्या तोंडून निघून गेलं, “शी!”

झोपडीच्या दाराशी बसलेल्या बाईने मान वर केली. गुडघ्यापर्यंत लुगडं, अनवाणी पाय थंडीने फुटलेले. ती नवऱ्याला म्हणाली, “काळुराम, यो आपलाच हाय. शी म्हनला.” मग मामाकडे पाहून, “कोन गावचा रं तू?”

प्रोफेसरांनी वळून विचारलं, “कर्णिक, ती काय म्हणते? इथे सुखात आहे का, विचार तिला.”

सगळी मुलं मामाकडे पाहायला लागली. त्याच्या अंगावर उसना घेतलेला चांगला कोट होता. तो म्हणाला, “साहेब, ही भाषा मला येत नाही.”

कुंपणाशी एक पोरगी टोपलीत लहान मासे घेऊन विकत होती. कुंपणावरच्या पाटीवर लिहिलं होतं की हे लोक मासळी कच्चीच खातात. बेनेट नावाच्या मुलाने एक मासा घेऊन बाईकडे भिरकावला. तो तिच्या गालावर आपटला आणि मांडीवर पडला. माणसं हसली. बाईने मासा उचलला, तोंडाजवळ नेला आणि चावल्यासारखं केलं. तसं करायला तिला शिकवलेलं असणार. बेनेटने मामाच्या खांद्यावर थाप मारली तेव्हा मामाही हसला.

नंतर चहा झाला. मामाने केक खाल्ला, आणि मागच्या गल्लीत जाऊन सगळा ओकला. “मासळीची किळस नव्हती ग,” तो आईला म्हणाला, “त्या हसण्याची होती. ते अजून माझ्या तोंडात आहे.”

पुढच्या रविवारी तो एकटा गेला. बाई तिथेच होती. तिने त्याला ओळखलं.

“तिकीट काढून आलास?”

“हो. त्याशिवाय आत सोडत नाहीत.”

“त्या दिशी आमची बोली समजली व्हती ना तुला?”

“समजली होती.”

“मंग?”

“लाज वाटली.”

“आमची?”

मामा खोटं बोलला नाही. “हो,” म्हणाला.

ती दोरापाशी सरकली. मग सांगायला लागली. तिचं नाव हौसाबाई, नवरा काळुराम, गाव ठाण्याच्या रुळांपलीकडचं कोपरी. एडनला मिठाचं काम आहे म्हणून एका मुकादमाने कागदावर अंगठे घेतले. एडनला बोट लागली, पण ह्यांना उतरवलंच नाही. काळुराम फळा ओढता ओढता म्हणाला, “मीठ नाय पिकत, तरी रोज ओढताव. लोकं बघतान. थुकावंसं वाटते.”

मामाने तो कागद मागून घेतला. त्यात एडनशिवाय दुसऱ्या गावाचं नाव नव्हतं. अडलेल्या खलाशांना घरी पाठवणारा एक म्हातारा पाद्री होता, त्याच्याकडे मामा चार वेळा गेला. पाद्र्याने वकील गाठला. कोर्टाचं नाव निघताच ते खेडं मांडणाऱ्या खेळवाल्याने दोघांना सोडलं. नोव्हेंबरात ती दोघं बोटीत बसली. सहलीत दाखवलेल्या खेळाची शोभा घालवली म्हणून प्रोफेसर हॉलंड वर्षभर मामाशी कामापुरतं बोलले. मामाला त्याचं काही वाटलं नाही. बेनेटच्या शेजारी तो पुन्हा जेवायला बसला नाही.

इथवर गोष्ट ठीक होती.

मामा ठाण्याला परतला तेव्हा गावातल्या मंडळींनी व्याख्यान ठेवलं. विषय दिला, विलायतेतली प्रेक्षणीय स्थळं. मामा तरुण होता, मनात राग होता. त्याने ही हकीकत भर सभेत सांगितली, नावागावासकट. लोकांना चीड येईल असं त्याला वाटलं होतं. सभा संपल्यावर एका वकिलाने विचारलं, “कच्चा मासा खरंच खाल्ला हो तिने?” दुसरे एक गृहस्थ म्हणाले, “लंगोटीवर उभा, मडमांपुढे?” आणि दोघे हसले.

महिन्याभराने मामा कोपरीला गेला. हौसाबाईच्या अंगणात कल्याणहून आलेले चार पांढरपेशे उभे होते. त्यांतला एक म्हणत होता, “बाई, तिकडे कसं करायचीस, जरा दाखव ना.” काळुराम आत भिंतीकडे तोंड करून बसला होता. मामाने त्या चौघांना हाकललं. जाताना ते कुरकुरले, इतक्या लांबून तिकीट काढून आलो म्हणून.

हौसाबाईने मामाला पाणी दिलं. तो प्यायला. ती म्हणाली, “भाऊ, तुजे उपकार हायेत. तुजामुळं घरी आलू. पन तू सांगलास ना सगल्यांना?”

“सांगितलं.”

“रोज कोनतरी येते. तिकडं निदान दोर व्हता मदी.”

मामाने तांब्या ओटीवर ठेवला.

“आता नको येऊस,” ती म्हणाली, रागावून नव्हे. “तू आलास का लोकं म्हनतान, विलायतवाले एकत्र झालं.”

तो बांधावरून चालत घरी आला. त्या रात्री जेवला नाही, असं आई सांगायची. पुढे शाळेत मुलांनी विलायतेबद्दल विचारलं की तो फळ्याकडे वळून गणित घालायचा. काळुराम तीन वर्षांनी वारला, हे त्याला बाजारात कुणाकडून तरी कळलं. कोपरीला जायला तो निघाला होता. स्टेशनपर्यंत गेला आणि परत फिरला.