पुलावरचे साक्षीदार

कोर्टात दुभाषा म्हणून बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. फायलींवर धूळ बसते तसे तेही बसत जातात. आदिलाबादच्या आमच्या कोर्टातली एक फाईल तर निव्वळ किश्श्यांचीच!

एका कंत्राटदारानं जीप चालवताना पैनगंगेच्या पुलावर शांताबाईंच्या मुलाला, विलासला उडवलं आणि परदेशात पळ काढला. त्या संध्याकाळी विलासच्याच फोनवरून कोणीतरी शांताबाईंना सांगितलं, "पोरगा पुलावर पडला." बस, एवढंच. "तो आवाज मी मरेपर्यंत इसरनार नाई," असं त्या दर तारखेला सांगतात. पण प्रत्यार्पणासाठी तिकडच्या कोर्टाला डोळ्यांनी पाहिलेले साक्षीदार हवेत. त्यांचे जबाब मराठीतून इंग्रजीत करायचं काम माझं.

*

पहिला घोळ हद्दीचा. पुलाच्या मधोमध राज्याची सीमा. दोन्ही ठाणी म्हणत, "केस तिकडची!" शेवटी एका गुराख्याला विचारलं. तो म्हणाला, "जीप लागली तेलंगणात, मानूस पडला महाराष्ट्रात. आता तुमीच वाटून घ्या!"

हाच प्रश्न पुढे परदेशातून लेखी आला. उत्तर द्यायला वर्ष गेलं.

*

चहावाला लक्ष्मण जीपचा नंबर घडाघडा म्हणायचा. कंत्राटदाराच्या वकिलानं विचारलं, "तुझ्या मोटरसायकलचा नंबर काय?"

लक्ष्मण म्हणाला, "तो कोनी पाठ करून नाई घेतला, साहेब!"

मी जबाब नोंदवणाऱ्या इन्स्पेक्टरकडे पाहिलं. ते पंख्याकडे पाहत होते.

*

दोन साक्षीदारांचे जबाब शब्दाला शब्द सारखे. परदेशातून विचारणा आली, "हे दोघे एकच इसम आहेत काय?"

इन्स्पेक्टरांनी मलाच धरलं. "एकीच ट्रान्सलेशन दो बार छाप दिए क्या?" चोर सोडून संन्याशाला फाशी! मी मूळ मराठी जबाब पुढे ठेवले. तेही तसेच.

"एकीच बेंच पे बैठे थे ना दोनो!" ते म्हणाले.

हसू येतंच. पण समोर शांताबाई बसलेल्या असत, आणि हसायची लाज वाटे.

*

पुढचे साक्षीदार किसनराव कंत्राटदाराचा फोटो पाहून म्हणाले, "चष्म्याबिगर दिसत नाई, साहेब." पुढची तारीख पडली. खाली उतरून पाहतो तर हे महाशय गेटवरूनच निर्मल गावाला जाणाऱ्या बसची पाटी वाचून धावताहेत!

"काऊन हो किसनराव, दिसून राह्यलं काय?" मी विचारलं.

"लांबचं दिसते, जवळचं नाई!"

बसमध्ये खिडकीशी बसून त्यांनी पेपर उघडला.

*

शेवटचा साक्षीदार मारोतराव, कंत्राटदाराचा जुना ड्रायव्हर. मॅजिस्ट्रेटांनी फोटो पुढे केला.

"या मानसाले मी कदी पाह्यलंच नाई."

जबाब लिहून झाला. सहीसाठी पेन काढायला मारोतरावांनी खिशातला मोबाईल टेबलावर ठेवला. तेवढ्यात तो वाजला. व्हिडिओ कॉल. स्क्रीनवर नाव नव्हतं, फोटो होता. तोच!

मॅजिस्ट्रेटांनी हातातला फोटो पाहिला. मग मोबाईल पाहिला.

"राँग नंबर असंन, साहेब," मारोतराव म्हणाले.

फोन वाजतच होता. शांताबाई बाकावरून उठून टेबलापाशी आल्या.

"उचल ना मारोतभाऊ," त्या म्हणाल्या. "मले फक्त आवाज आयकाचा हाय."