म्हणून दाखवलेली वाट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. घाटघरच्या बाजूच्या एका वाडीवर जी शाळा आहे, तिथल्या जनरल रजिस्टरात एका पानावर सात मुलांच्या जातीच्या रकान्यात 'हिंदू कोळी' असं लिहिलेलं आहे. सातही ठिकाणी ते चूक आहे, आणि ते अक्षर माझं आहे.

बाहेरच्या माणसाला वाटेल, त्यात काय एवढं. आमच्या भागातल्या माणसाला मात्र लगेच कळेल. ती पोरं महादेव कोळी. शाळेच्या कागदावरून 'महादेव' गळला की सरकारच्या लेखी माणूस आदिवासी राहत नाही, दुसऱ्याच जातीचा होतो. पुढं बारा वर्षांनी शाळेचा दाखला घेऊन जात-पडताळणीला उभा राहिला की तिथं अडतो.

मी तेव्हा तिशीच्या आतला. शनिवार, सकाळची शाळा. शाळेत दोनच गुरुजी. थोरले गुरुजी रजेवर, म्हणून पहिलीची नावं मी घालत होतो. आया दारात ओळीनं उभ्या. खाली रस्त्यावर जुन्नरला जाणारी जीप हॉर्न मारत होती. ती चुकली असती तर रविवार वाडीवरच. रकाना अरुंद. पहिल्या ओळीत 'हिंदू कोळी' मावलं, म्हणून खाली तेच ओढत गेलो. एक बाई मुलीचा हात धरून म्हणाली, "म्हादेवकोळी लिवा बरं का, गुर्जी."

"लिहितो हो," मी म्हणालो, आणि लिहिलं नाही.

जीप मिळाली. पुढची सीट मिळाली, हेसुद्धा आठवतं.

त्याच मुलीचा बाप पुढं श्रावणात मला नाणेघाट दाखवायला घेऊन गेला. त्याला मुलीला खाली कोकणात तिच्या मामाकडं सोडायचं होतं. घाटाच्या तोंडाशी पोचलो तर धुकं असं, की स्वतःचे पाय दिसेनात. मी म्हणालो, परत जाऊ.

"का वं? तुमी पुस्तकातनं वाट काढणारी माणसं," तो हसला. "हितं पुस्तक भिजतंय, राव." मग त्यानं मुलीला एका दगडावर बसवलं. "हां, म्हण वाट."

मला वाटलं, आता ही कविता म्हणणार. ती सहा वर्षांची पोर डोळे मिटून बोलायला लागली. आधी कातळाच्या अरुंद नळीतल्या पायऱ्या, मग डाव्या हाताला कातळात कोरलेली पाण्याची टाकी, मग गुहा, मग मोठा धोंडा.

"टाक्यापाशी पाय घसरला. मंग?" बाप विचारी.

"बसायचं. बसून सरकायचं."

"वरनं पाणी आलं. मंग?"

"कातळाला पाठ लावायची."

"बा दिसंना झाला. मंग?"

तिनं डोळे उघडून त्याच्याकडं पाहिलं, पुन्हा मिटले. "पळायचं न्हाई. हाय तितं उभं ऱ्हायाचं. तुमी येताल."

"आन् न्हाई आलो तर?"

"मंग टाकं कुटं ते आठवायचं. टाक्यापास्नं वाट येती मला."

त्या घरात ही रीतच होती. धुक्यात उतरायच्या आधी वाट तोंडानं म्हणायची, आणि नुसती सरळ वाट नाही, तिच्यात काय काय बिघडेल तेही म्हणायचं. म्हणून झालं की मगच पाय टाकायचा. आम्ही उतरलो. पुढं ती, मध्ये मी, मागं बाप. मला एक हात पुढचं दिसत नव्हतं, आणि ती दिसायच्या आधी सांगत होती, "गुर्जी, आता धोंडा यील." आणि धोंडा येई. डोंगर तिच्या डोक्यात आधीच चालून झाला होता.

बारा वर्षांनी ती माझ्यापुढं आली. मी तोवर आंबेगाव तालुक्यात, घोडेगावजवळच्या शाळेत बदलून आलो होतो आणि बढतीच्या यादीत माझं नाव होतं. हे सांगणं भाग आहे. मधल्या सुट्टीत ती व्हरांड्यात उभी. अंगात कॉलेजचा ड्रेस, हातात पिशवी. बारावी झाली होती. नर्सिंगला नंबर लागण्यासारखे मार्क होते, पण पडताळणीत दाखला अडकला होता. मी तिला आत वर्गात बसवलं. तिनं रजिस्टरातल्या त्या पानाची झेरॉक्स टेबलावर माझ्यापुढं ठेवली.

"गुरुजी, हे अक्षर कुणाचं, वळखता का? आई म्हणती, नाव तुमीच घातलं व्हतं."

माझा ळ वेगळा आहे. त्याची शेवटची शेपटी उजवीकडं जायच्या ऐवजी आत वळते. झेरॉक्सवर सात 'कोळी' एकाखाली एक, आणि सातही शेपट्या आत.

"नाव मी घातलं असेल," मी म्हणालो, "पण रजिस्टर थोरले गुरुजी भरायचे."

थोरले गुरुजी दोन वर्षांपूर्वी वारले होते.

तिनं झेरॉक्सकडं पाहिलं, मग समोरच्या फळ्याकडं. फळ्यावर सकाळी मी लिहिलेली मुळाक्षरं होती. मग म्हणाली, "बरं."

मी चहा मागवला. अपराधी माणूस चहा लगेच मागवतो. विचारलं, "आता काय करशील?"

ती खुर्चीत जरा सरळ बसली आणि डोळे मिटले. मी तो घाट विसरलो होतो, त्या क्षणी सगळा आठवला. तिनं वाट म्हणायला सुरुवात केली. बाप सोबत नव्हता, म्हणून 'मंग'सुद्धा तीच म्हणत होती.

"आज्याचा भाऊ खालच्या गावात शाळंत गेल्ता म्हणं. त्याची जुनी नोंद काढायची, तितं 'महादेव' असंल. रजिस्टर वाळवीनं खाल्लं असलं. मंग? तहसीलला जुनं दप्तर बघायचं. घावलं आन् मोडीत असलं. मंग? जुन्नरच्या पेठंत एक मारवाडी आजोबा हायेत, त्यांस्नी मोडी येती. आधी त्यांच्याकडनं वाचून घ्यायचं, काय हाय ते तर कळंल. मंग सरकारी वाचणारा गाठायचा. तवर यंदाची सीट जाईल."

"मग?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"जाऊ द्या. वरीसभर नारायणगावला दवाखान्यात आयाचं काम करीन. हात तर सरावतील." ती थांबली. "आन् हितं एक धोंडा हाय. त्यो मी हलवनार न्हाई. वळसा घालीन."

"कसला धोंडा?"

"हाय एक." आणि पुढं चालू लागली. कोर्स, होस्टेल, इंग्रजीचा पेपर, त्यात एकदा नापास होणं, पुन्हा बसणं, आणि शेवटी तिच्याच डोंगरावरचं आरोग्य उपकेंद्र. तिथलं टेबल कुठं असेल, खिडकी उघडी ठेवली तर पावसात कोणती फाईल भिजेल, तेही तिनं सांगितलं. ज्या खोलीत ती अजून गेली नव्हती तिथली फाईल ती आडोशाला सरकवत होती. मी पंचवीस-तीस वर्षं मुलांना 'मी कोण होणार' हा निबंध घालत आलोय. सगळी थेट शिखरावर जाऊन बसतात. पाय कुठं घसरेल हे लिहिणारा एकही भेटला नाही. हात जोडायचेच काय ते बाकी होते. आणि तिच्यासमोर, त्याच टेबलावर, माझं अक्षर पडलेलं होतं.

त्याच वेळी मी लिहून दिलं असतं, की ही चूक माझी, आईनं जात बरोबर सांगितली होती, तर काम त्या वर्षी झालं असतं का, मला सांगता येत नाही. मी दिलं नाही, एवढं खरं. बढती मात्र मिळाली.

तिची सीट गेली. दोन वर्षं गेली. नोंद सापडली, ती मोडीतच होती. मारवाडी म्हाताऱ्यानं बोट ठेवून 'महादेव' वाचून दाखवलं तेव्हा ही दुकानाच्या पायरीवर खाली बसली, असं मला पेठेतल्या ओळखीच्या माणसानं सांगितलं. इंग्रजीत एकदा नापास झाली. पुन्हा बसली.

गेल्या हिवाळ्यात मी मुद्दाम वर गेलो. डोळे चुरचुरत होते, तेच निमित्त केलं. उपकेंद्रात टेबल खिडकीपासून लांब, भिंतीला लावलेलं. ती एका म्हातारीला गोळ्या समजावत होती. "मावशे, सकाळची पांढरी, रातची पिवळी. उलट घेतलीस तर दिवसा घोरशील."

"घोरू दे की. सून तेवढीच गप बसंल," म्हातारी म्हणाली.

माझी पाळी आली तशी तिनं रजिस्टर माझ्याकडं फिरवलं. "तुमीच लिवा, गुरुजी. तुमचं अक्षर चांगलं हाय."

तक्रारीच्या रकान्यात मी लिहिलं, 'डोळ्यांची जळजळ'. तिनं ओळीवरून बोट फिरवलं. तीन ळ. तिन्ही शेपट्या आत.

"अजून आतच वळतोय तुमचा ळ," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मग माझी पापणी वर करून बॅटरी मारली, थेंबांची बाटली घेतली. "वर बघा. हलू नगा."

तेव्हा उमगलं. वर्गातल्या त्या दुपारी तिनं फळ्यावरच्या मुळाक्षरांतला माझा ळ पाहिला होता. वळसा घातला तो धोंडा मी होतो. अठरा वर्षांच्या मुलीनं मला ओळखलं, मनातल्या मनात वाटेवर ठेवलं, बाजूनं निघून गेली, आणि माझ्याविरुद्ध एक अक्षर कुठं बोलली नाही. डोळ्यांतून पाणी आलं, ते थेंबांमुळं असं मी म्हणालो. हेही खोटंच.

त्या पानावर तिच्याखेरीज आणखी सहा ओळी आहेत. त्यांतली काही पोरं आता पुण्यात, चाकणला, काही नारायणगावच्या मार्केटात क्रेट उचलतात. त्यांच्या घरात वाट म्हणायची रीत असेलच असं नाही. किती जण पडताळणीत अडले, मी कधी विचारलं नाही.

त्या सहा जणांना मी सहीचा कागद देणं लागतो, की चूक माझी, त्यांच्या आयांनी बरोबर सांगितलं होतं. मेलेल्या माणसाच्या माथी मारलेलं माघारी घेणं लागतो. आणि तिला तोंडानं सांगायचं राहिलंय, की ते अक्षर माझं. कागद लिहून कपाटात ठेवलाय. अजून दिलेला नाही.