केस देवीचे, तेल आईचं

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असताना मला कावीळ झाली. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आम्ही नाशिकला सिडकोत राहायचो. महिनाभराहून जास्त मी घरात पडून होतो. उसाचा रस, मुळ्याचा पाला, बिनफोडणीचं वरण असं सगळं चाललं होतं. समोरच्या काकूंनी पिंपळगावहून एक काविळीची माळ आणून माझ्या गळ्यात घातली. कावीळ उतरत गेली की माळ आपोआप लांब होते, असं त्या म्हणाल्या. माळ काही लांब झाली नाही. केस मात्र झाले.

बरा होऊन आरशासमोर उभा राहिलो, तर केस मानेवर आले होते. चेहरा पिवळा, गाल बसलेले, पण त्या केसांमुळे हा कुणीतरी वेगळाच माणूस वाटत होता. मला तो आवडला. केस वाढवण्यामागे याहून मोठं कारण नव्हतं. लोकांनी नंतर बंड, प्रेमभंग, वाईट संगत अशी बरीच कारणं शोधली, आणि खरं सांगायचं तर ती माझ्या कारणापेक्षा बरी होती.

वडील पाटबंधारे खात्यात होते. मला कळायला लागल्यापासून मी त्यांच्या डोक्यावर केस पाहिले नव्हते, तरी त्यांच्या खिशात कंगवा असायचा. कुणी फोटो काढायला उभं केलं की ते तो काढून डोक्यावरून फिरवायचे. माझ्याशी महत्त्वाचं काही बोलायचं असलं की ते आईमार्फत बोलत, मी समोर बसलेला असलो तरी.

"त्याला सांग, सलून उघडं आहे."

"सलून उघडं आहे म्हणतायत," आई मला सांगायची.

"ऐकलं."

"ऐकलं म्हणतोय," आई त्यांना सांगायची.

आईही तेव्हा वडिलांच्याच बाजूची होती. ती पालिकेच्या शाळेत शिकवायची आणि शिक्षिकेचा मुलगा असा हिंडतो म्हटल्यावर तिला शाळेत मान वर करता येत नाही, असं तिचं म्हणणं होतं. पण केस खांद्याखाली गेले तेव्हा, एका सकाळी दूध घेताना काकू तिला जिन्यात गाठून म्हणाल्या, "काय हो, काल तुमच्या गॅलरीत पाठमोरी कोण उभी होती? मला वाटलं, तुमच्याकडे पाहुणी आली!"

खालच्या मजल्यावरच्या दोघी हसल्या. मी दाराच्या आत उभा होतो. मला वाटलं, आई आता मला बाहेर बोलावून सगळ्यांसमोर झापणार.

"बोललेले आहेत ते," आई म्हणाली. "कावीळ झाली होती ना त्याला, तेव्हा देवीला बोलले होते मी. फेडेपर्यंत कात्री लावायची नाही."

काकूंनी दुधाचं पातेलं खाली ठेवून हात जोडले.

आईला खोटं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्यामुळे ती ते इतक्या सफाईने बोलते हे मला माहीत नव्हतं. ती आत आल्यावर मी विचारलं, "कधी बोललीस तू देवीला?"

"आत्ता," ती म्हणाली. "त्या कोण माझ्या मुलाला पाहुणी म्हणणाऱ्या? आता बोललेय तर नीट ठेव. देवीचे केस असे केरसुणीसारखे नसतात."

केरसुणी म्हणायला तिला जागा होती. मी अंगाच्या साबणाने केस धुवायचो, ओले असतानाच कपाळापासून खाली कंगवा ओढायचो आणि गुंता आला की दात-ओठ खाऊन आणखी जोरात ओढायचो. बांधायला पेपरच्या गुंडाळीचं रबर होतं. ते सोडताना दरवेळी केसांचा एक पुंजका सोबत यायचा. न्हाणीघराच्या मोरीत पाणी तुंबायला लागलं. वडील तारेचा आकडा करून जाळीतून केस बाहेर काढायचे आणि हॉलमध्ये पेपरवर मांडून ठेवायचे. पंचनामा करावा तसे.

त्या रविवारी आईने मला गॅलरीत पाटावर बसवलं. थंडीने खोबरेल गोठलेलं होतं. बाटली तिने उन्हात ठेवली होती. "आधी टोकं सोडव," ती म्हणाली. "मग थोडं वर. मग आणखी वर. मुळाशी सगळ्यात शेवटी. तू उलटा चालला होतास." तिने एका हाताने केसांचा शेपटा मधोमध घट्ट धरला, म्हणजे मुळाला ओढ बसणार नाही, आणि दुसऱ्या हाताने खालून विंचरायला सुरुवात केली. मला काही दुखलं नाही. इतकी वर्षं मुली हे सगळं शाळेच्या आधी उरकून येत होत्या आणि आम्ही त्यांच्या वेण्या ओढत होतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मग शिकेकाई, रिठे आणि आवळकाठी रात्रभर भिजत पडू लागली. पेपरचं रबर गेलं. त्या जागी आईने जुन्या परकराच्या कापडात इलॅस्टिक घालून बंध शिवला. रोज धुवायचे नाहीत. ओले विंचरायचे नाहीत. ओले बांधायचे तर मुळीच नाहीत, वास येतो. झोपताना सैल वेणी घालायची. वेणी! मी नको म्हणालो. सकाळी उठून गुंता पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून घालायला लागलो.

बाहेर माझी किंमत बदलली होती. कालपर्यंत ज्यांच्या मुलांना माझ्याशी बोलायची बंदी होती, ते मला आता वाट देत. वाण्याकडे रांगेत एक आजोबा म्हणाले, "याला आधी द्या, देवीचं आहे त्याच्याकडे." केस तेच होते, डोकंही तेच होतं, शेवटच्या वर्षाला दोन विषय राहिलेले तेही तसेच होते. एकदा पंचवटीत रामकुंडावरून सायकलने चाललो होतो, तर घाटावरचा एक न्हावी वस्तरा हातात घेऊन मागे आला. "बसा दादा, कोण गेलं?" कुणी गेलेलं नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला.

दिंडोरीला मामाकडे द्राक्षांच्या काढणीला गेलो, तर मामींनी मला ओटीवर पाट दिला आणि बागेत कशालाही हात लावू दिला नाही. मामा एवढंच म्हणाला, "लय भारी दिसतंय, पण औषध फवारताना लांब ऱ्हा." रात्री मामाच्या मुलींसोबत सगळे एकाच सतरंजीवर झोपलो आणि येताना मी घरी द्राक्षांच्या पेटीबरोबर उवाही आणल्या.

हे आईला कळलं तेव्हा तिने दार लावून घेतलं. उवा म्हणजे तिचा रोजचा विषय होता. वर्गातल्या निम्म्या मुलींच्या आयांना तिने त्यावरून बोलावून घेतलं होतं. बारीक दातांची लाकडी फणी, पांढरं कापड आणि कडुनिंबाचं तेल घेऊन ती बसली. गॅलरीत उजेड होता, पण गॅलरीसमोर काकू होत्या, म्हणून आम्ही स्वयंपाकघरात दिव्याखाली बसलो. तरी काकू साखर मागायला आल्याच. कापडाकडे पाहून त्यांचे डोळे मोठे झाले.

"अगंबाई! देवीच्या केसांत?"

"देवीचं तिला बघू द्या," आई फणीवरून नजर न काढता म्हणाली. "माझं मी बघतेय. साखर डब्यात आहे, घ्या."

त्या बसण्यात आम्ही दोघं बोलायला लागलो. आईला माझं तोंड दिसत नव्हतं आणि मला तिचं, म्हणून असेल. राहिलेल्या विषयांचं मी तिला असंच पाठमोरं सांगितलं. तिने केस जरा जोरात ओढले, एवढंच. तिला लग्नाआधी गुडघ्यापर्यंत केस होते आणि नोकरी लागल्यावर, सकाळची शाळा, डबे आणि बस यांत वेळ पुरेना म्हणून तिने ते खांद्यापर्यंत कापून टाकले, हेही मला तेव्हाच कळलं. "वाईट नाही वाटलं?" मी विचारलं. "बघायला वेळ कुठे होता," ती म्हणाली.

मी पूर्ण बरा झालो हे काकूंना दिसत होतं. त्यांनी विचारायला सुरुवात केली, "मग कधी फेडताय?" आईने नवस वाढवला. "नोकरीचंही बोलले होते. ती लागली की."

विषय सुटले आणि सातपूरला एका कारखान्यात मुलाखत आली. तिथले साहेब बराच वेळ माझ्या मार्कांऐवजी माझ्या खांद्यांकडे पाहत होते. शेवटी त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "नवसाचे का?" मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "आमच्या घरी पण फार कडक आहे देवीचं." आणि त्यांनी अर्जावर 'घ्या' असा शेरा मारला. माझी गुणवत्ता त्यांनी पाठमोरी पाहिली, असं मी मित्रांना पुढे बरीच वर्षं सांगत होतो.

कारखान्याच्या शॉपमध्ये लेथ मशीनवर उभं राहायचं होतं. फोरमनने मला पाहिलं आणि कपाटातून कापडी टोपी काढून दिली. "सगळे आत," तो म्हणाला. "मशीनला देवीचं काही माहीत नाही."

नोकरी लागली म्हटल्यावर काकूंनी आईला वेळच दिला नाही. त्यांनीच जीप ठरवली, त्यांच्या मिस्टरांना रजा घ्यायला लावली आणि एका मंगळवारी आम्ही वणीच्या गडाला निघालो. काकूंनी मुंडणानंतर माझ्या डोक्यावर बांधायला स्वतःहून रुमाल आणला होता. वाटेत त्या दोनदा मागे वळून म्हणाल्या, "कसं मोकळं मोकळं वाटेल बघ आता!" आई खिडकीतून बाहेर बघत होती. इतके दिवस केस माझेच आहेत असं मी धरून चाललो होतो. ते मी खरोखर कुणाचं तरी देणं लागतो असं मला जीपमध्ये पहिल्यांदा वाटलं.

गडावर दर्शन झालं. न्हावी पाणी घेऊन बसला होता. त्याने माझ्या मानेभोवती फडकं गुंडाळलं आणि वस्तऱ्याला धार लावायला घेतली.

"थांबा," आई म्हणाली. तिने माझा बंध सोडला, मानेजवळची करंगळीएवढी बट निवडली आणि वेगळी धरली. "ही एवढी कापा."

"एवढीच?" न्हावी म्हणाला.

"एवढीच?" काकू म्हणाल्या.

"बट बोलले होते मी," आई म्हणाली. "सगळे असं कधी म्हणाले?"

काकूंनी जिन्यातलं ते दूध, ते पातेलं, सगळं आठवून पाहिलं. आई अक्षरशः खरं बोलत होती. केस बोललेले आहेत, एवढंच ती म्हणाली होती. किती, ते म्हटलं नव्हतं. काकूंच्या मिस्टरांनी रुमाल स्वतःच्या खिशात ठेवला आणि जेवणाचं विचारलं. बट वाहिल्यावर आई परत एकदा एकटीच आत गेली आणि बराच वेळ आली नाही. काय बोलली, ते तिने सांगितलं नाही.

त्यानंतर दोनेक वर्षं केस राहिले. चांगले राहिले. शॉपमध्ये पहिले काही दिवस चेष्टा झाली, मग एकेकाने हळूच विचारायला सुरुवात केली, "बायकोचे फार गळतात, काय लावता?" मी जास्वंदीचं तेल कसं करायचं ते लेथशेजारी उभं राहून सांगायचो.

मग एका दुपारी लेथवर फिरणारा जॉब बघायला वाकलो. टोपी सैल झाली होती, माझ्या लक्षात आलं नव्हतं. शेपटा खांद्यावरून पुढे सुटला. मला फक्त मशीन बंद झाल्याचा आवाज आला. मागून फोरमनने हात घालून बटण दाबलं होतं. जॉब पकडणारा चक गरगरत थांबला तेव्हा माझे केस त्याच्यापासून वीतभर अंतरावर होते. फोरमनने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग तो चहा प्यायला गेला.

संध्याकाळी मी कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये शिरलो आणि सगळे कापून घरी गेलो.

वडिलांनी मला पाहिलं आणि त्या दिवशी आईला मध्ये न घेता माझ्याशी बोलले. "छान," ते म्हणाले आणि चपला घालून जिलेबी आणायला गेले. आई कणीक मळत होती. तिने वर पाहिलं आणि हात थांबवले.

"कुणाला विचारलंस?"

"माझे केस होते, आई."

"तुझे?" ती म्हणाली. "तेल कुणाचं? शिकेकाई कुणी कुटली? उवा कुणी काढल्या?" मशीनचं सांगावं असं मला वाटलं, पण ते सांगितलं तर ती मला उद्यापासून कामावर जाऊ देणार नाही, म्हणून गप्प राहिलो. "कुठेत ते?"

"सलूनमध्येच."

"जा. घेऊन ये."

मी परत गेलो. सलूनवाला झाडू मारून कचरा सुपलीत भरत होता. दिवसभराच्या गिऱ्हाइकांचे केस त्यात एक झाले होते. मी काय मागतोय हे त्याला दुसऱ्यांदा सांगितल्यावर कळलं. "लांब असतील ते तुमचे," तो म्हणाला आणि सुपली माझ्यापुढे ठेवली. मी उकिडवा बसून निवडायला लागलो. दाढीसाठी थांबलेल्या दोन माणसांनी पेपर खाली घेतले.

पेपरच्या पुडीत बांधून ते मी आईपुढे ठेवले. तिने हात धुतले, पदराला पुसले, पुडी उघडली आणि बोटांनी केस पसरवले. एक केस उचलून उजेडात धरला आणि बाजूला टाकला.

"हा तुझा नाही," ती म्हणाली. मग आणखी एक. "हाही नाही. याला मेंदी आहे."

मी तिच्यासमोर खाली बसलो आणि मशीनचं सांगितलं. टोपी, शेपटा, फोरमनचा हात, सगळं. ती ऐकत होती आणि निवडत होती. सांगून झाल्यावर तिची बोटं थांबली. तिने माझ्या मानेवरून, केस होते तिथून, हात फिरवला. दोनदा फिरवला.

"आणि मी शिवलेला बंध?" ती म्हणाली. "तो घट्ट बांधायला काय झालं होतं?"