दुखाच्या घरातली कढई

ताईबाईनं ताटातली चकली उचलून दोन बोटांत दाबली. चकली वाकली, पण मोडली नाही.

"कुनाची ही?"

"मोहनरावांच्या घरची," साखरबाई म्हणाली. ही तिची धाकटी जाऊ, भिंतीला भिंत लावून राहणारी.

"चप्पल शिवा म्हनावं हिची."

"अक्का, लोकं मायेनं आनत्यात. दुखाची पैली दिवाळी हाय. गप खावा."

ताईबाईचा नवरा, दत्तोबा, जाऊन तीन महिने झाले होते. माणूस गेलेल्या घरात पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही. फराळ भावकीतून येतो. धनत्रयोदशीच्या दुपारपर्यंत निरवांगीतल्या नऊ घरांची ताटं ओसरीवर आली होती, आणि घरात शिरलेल्या चोरांकडे बघावं तशी ताईबाई त्यांच्याकडे बघत होती.

हीच नऊ घरं पंचवीस वर्षं चकल्यांना तिला बोलवायची. सुप्याच्या जिरायतीतून ती या उसाच्या गावात नांदायला आली, तेव्हा सासू म्हणाली होती, "पोरीची जीभ कोरडवाहू हाय." पण हात असा, की दिवाळीआधी आठ दिवस तिला स्वतःच्या घरी चहा टाकायला सवड नसायची. यंदा एक हाक आली नाही. दुखातल्या बाईचा हात सणाच्या पिठाला कोण लावून घेणार?

"तीन म्हैनं झालं, जो येतोय तो बसा म्हन्तोय. बसून बसून मीच मढं व्हायची."

"मग रडा तरी. गाव काय बोलतंय ठाव हाय का?"

"काय?"

साखरबाईनं पदर सारखा केला. "हिला काय वाटलंच न्हाय, म्हंत्यात."

ताईबाई उठली ती थेट फळीपाशी. दसऱ्यानंतर गुपचूप दळून आणलेल्या भाजणीचा डबा काढला, पीठ मळलं, गॅस पेटवून कढई ठेवली.

"एकच घाणा काढनार. माझ्या हातचा."

"अक्का, उतरवा ती! गेलेल्याचा जीव तळमळतो."

"तळमळू दे. मी काय सुखात हाय?"

"गाव मला शेण घालंल! जावंनं अडवलं न्हाय म्हनंल!"

"मग जा की तुज्या घरी. कुनी धरलंय?"

साखरबाई हलली नाही. ताईबाईनं सोऱ्यात पीठ भरलं आणि दाबला. एक वेढा पडला, दुसरा अर्धा, आणि मनगट आखडलं. पुन्हा दाबला. पीठ तसूभर सरकेना. मळणं तिचं, तळणं तिचं. सोऱ्या मात्र दरसाल दत्तोबा दाबायचा. लोकांच्या घरीसुद्धा तिच्या मागं जायचा, पारावरचे हसले तर आपणही हसायचा.

तिनं सोऱ्या ताटात आदळला.

"दत्तोबा! मेल्या, आता हे कोन दाबनार? तुजा बा?"

नवऱ्याचं नाव तिनं जन्मात असं घेतलं नव्हतं. मग तिचं तोंडच वाकडं झालं आणि ती भुईवर बसून हंबरल्यासारखी रडली. भिंतीपलीकडं ऐकू जाईल एवढ्यानं.

तेल धुरायला लागलं. साखरबाईनं दाराकडं बघितलं, कडी लावली, गॅस बारीक केला आणि सोऱ्या उचलला.

"सरका तिकडं."

तिनं दात आवळून दाबला. पिठाची नुसती शेपटी पडली.

"वंगाळ," ताईबाई नाक ओढत म्हणाली. "मोड ती. परत घाल."