शून्य पिशव्या

आमच्या दवाखान्याच्या रक्तपेढीतल्या प्रोग्रामरला आम्ही जरतर म्हणायचो. पोरगा गुणी, पण सरळ बोलेल तर शपथ! "चहा घेतोस का रे?" विचारलं की म्हणायचा, "मावशी, गरम असेल तर घेतो. नसेल तर तुम्हीच प्या." मेल्याला टपली मारावीशी वाटायची.

त्याचं कामच तसं. कॉम्प्युटरात प्रत्येक रक्तगटाच्या नोंदीचं एक डॉक्युमेंट, आणि त्यानं लिहिलेला छोटा प्रोग्राम, त्याच्या भाषेत मॅप फंक्शन, ती डॉक्युमेंटं एकेक करून तपासायचा: साठा नोंदलेला असेल आणि दोन पिशव्यांहून कमी असेल, तर त्या गटाचं नाव पडद्यावर, पुढे 'मागवा'. पडदा कधी चुकला नव्हता. फ्रीज उघडून बघणं आम्ही सगळ्यांनीच सोडून दिलं होतं.

त्याची धाकटी बहीण आमच्याच दवाखान्यात बाळंतपणाला आली. आईबाप लवकर गेले, तिला यानंच लहानाची मोठी केली. तिचा रक्तगट असा अवघड की दुसरा कुठलाच चालत नव्हता. हा सकाळपासून पडद्यापुढे. "त्या गटाचं नाव आलेलं नाही, मावशी. म्हणजे साठा आहे. तिला काही होत नाही." जर न लावता बोललेला मी पहिल्यांदाच ऐकला.

दुपारी बाळ झालं आणि रक्त थांबेना. मी धावत जाऊन फ्रीज उघडला. कप्पा रिकामा! होत्या त्या दोन्ही पिशव्या आदल्या दिवशी एकाच अपघातवाल्याला गेल्या होत्या. शेजारच्या शहरातून गाडी निघाली, पण ती पोचायच्या आत त्याची बहीण गेली.

जरतर रडला नाही. कॉम्प्युटरपुढे बसून त्यानं आपलीच ओळ वाचली. "साठा नोंदलाय का, हे विचारायला 'साठा आहे का' एवढंच लिहिलं मी. शून्य असला की ते 'नोंदच नाही' समजून पुढे जातं. एक पिशवी उरली असती तर नाव आलं असतं, मावशी. एकही उरली नाही, म्हणून आलं नाही."

त्याच्या थोबाडीत द्यावी की त्याला पोटाशी धरावं, मला कळेना.

त्यानं अट दुरुस्त केली. लगेच त्या गटाचं नाव पडद्यावर आलं: मागवा. तेवढ्यात ड्रायव्हर पेटी घेऊन आत आला. मी पिशव्या कप्प्यात लावल्या, नोंद केली. नाव पडद्यावरून गेलं.

"आता बरोबर चालतंय," तो म्हणाला, आणि तिथेच खाली बसून त्यानं हंबरडा फोडला.