काचेच्या पट्ट्यांची खिडकी

न्हाणीघराच्या खिडकीची एक काच वानरानं फोडली आणि माझ्या डोक्याला नसता ताप झाला. खिडकी जुन्या पद्धतीची, आडव्या काचेच्या पट्ट्यांची. बाजूची दांडी खाली-वर केली की पट्ट्या मिटतात, उघडतात. खिडक्या बसवणारा माणूस घोडेगावहून आला, बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, "मावशी, लूव्हर आता कोण लावतंय? मापाच्या काचा मिळत नाय. स्लायडिंग टाका, वर फॅन टाका, विषय संपला."

पुण्यातल्या लेकाला फोन केला, तर तोही त्याचीच री ओढायला लागला. वर हसून म्हणतो, "आई, लूव्हर म्हणजे पॅरिसचं म्युझियम. मी फोटो नव्हता का पाठवला?" पाठवला होता. कंपनीच्या कामाला गेला होता तेव्हाचा, काचेच्या त्रिकोणी डोंगरासमोर उभा.

मी जन्मभर प्राथमिक शाळेत मराठी शिकवलं. शब्द अडला की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. शिवाय रिकामपण किती म्हणून सांगू! दुपारी चष्मा चढवून मोबाईल घेऊन बसले. स्पेलिंग एकच, पण दोघांचं गोत्र वेगळं निघालं. खिडकीचा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला. छपराला धूर जायला ठेवलेलं भोक, त्याचं ते नाव. पुढं पाऊस आत येऊ नये म्हणून भोकावर आडव्या फळ्या आल्या आणि होता होता भोकाचं नाव फळ्यांना चिकटलं. म्युझियमच्या नावाचं मात्र कुणालाच धड ठाऊक नाही. तिथं आधी किल्ला होता, मग राजवाडा झाला. कुणी म्हणतं, त्या जागी लांडगे फार, म्हणून लांडग्याच्या लॅटिन शब्दावरून. कुणी म्हणतं, टेहळणीच्या बुरुजाच्या कुठल्याशा जुन्या शब्दावरून. एवढे मोठे विद्वान, आणि "बहुधा" म्हणून हात झटकून मोकळे!

माझं माहेर तालुक्याच्या पश्चिमेचं, डोंगरातलं. तिथं चुलीच्या वर छपराला असंच भोक असायचं. आई नाचणीची भाकरी थापायला बसली की त्यातून उन्हाचा कवडसा तिच्या पाठीवर पडायचा आणि धूर त्यातूनच वर जायचा. हे कुणाला तरी सांगावं असं फार वाटलं. लेकाला फोन लावला, तर "मीटिंगमध्ये आहे गं." मालक जाऊन बरीच वर्षं झाली. शेजार म्हणाल तर एकच, धाकट्या जावेचा, आणि तिच्याशी माझा अबोला.

वाटणी झाली तेव्हा विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघे भाऊ हमरीतुमरीवर आले. नवरे बोलेनात म्हणून आम्हीही बोलेनाशा झालो. भांडणारे दोघंही गेले, अबोला आमच्या गळ्यात घालून. तिच्या लेकी आपापल्या सासरी. दोन घरांच्या मध्ये एक अरुंद बोळ आहे, माझ्या न्हाणीची खिडकी त्याच बोळात उघडते. समोरासमोर आलोच तर ती पदर सारखा करते, मी चपलेकडं बघते. आणि महाळुंगे पडवळच्या आमच्या वस्तीवर दिवस मावळला की बिबट्याच्या धास्तीनं दारं लागतात. ओट्यावर बसायचं तर बंदच झालं.

आता लाज वाटते तरी सांगते. संध्याकाळी मी न्हाणीत स्टूल टाकून बसते. पट्ट्यांतून माणूस दिसत नाही, आवाज मात्र येतो. तिची भांडी, तिचा खोकला, लेकीशी फोनवरचं बोलणं. तिचा गुडघा धरलाय हे मला तसंच कळलं. स्लायडिंगची काच घट्ट बसते, ती लागली की हे सगळं संपणार होतं. पण लेकाला हे कोणत्या तोंडानं सांगू? म्हणून म्हटलं, लाव बाबा काय लावायची ती.

खिडकीवाल्यानं बोळात शिडी लावली आणि पट्ट्या उतरवायला घेतल्या. मी आत न्हाणीत उभी. तेवढ्यात धाकटीच्या दाराची कडी वाजली. ती बोलली ते त्याच्याशी, माझ्याशी नव्हे.

"अवो भाऊ, आमच्या बाईंना म्हणावं, ती खिडकी काढू नका."

"का वो काकू?"

"सकाळच्या त्या बादलीशी बोलत्यात. नळाला शिव्या देत्यात. गेलेल्या त्यांच्या मालकांशी भांडत्यात. मला समदं ऐकू येतं. दिसभरात तेवढाच काय तो माणसाचा आवाज असतो माझ्या घरात."

आधी मला रागच आला. अगं बया, म्हणजे ही इतकी वर्षं कान लावून बसलेली! मग वाटलं, आपण तरी दुसरं काय करत होतो? मी आतूनच ओरडले, "तिला सांग, नाही काढत म्हणावं!"

"मी काय सांगायचं राव, ऐकलं की त्यांनी," तो वैतागून म्हणाला. "आधीच ठरवायचं ना तुमचं तुमी." त्यानं पट्ट्या परत बसवल्या, फुटलेल्या जागी प्लॅस्टिकचा तुकडा सारला आणि पुटपुटत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीत गेले आणि तोंडच उघडेना. कुणी ऐकतंय म्हटल्यावर बादलीशी काय बोलणार, कपाळ? नळ ठिबकत होता, त्यालाही काही म्हटलं नाही. असेच दोन-तीन दिवस गेले. मुकाट आंघोळ, मुकाट चहा. लेकाचा फोनही मी पुढच्या खोलीत जाऊन, हळू आवाजात घेतला. इतकं एकटं मला मालक गेले तेव्हासुद्धा वाटलं नव्हतं.

मग एका सकाळी बादली भरत असताना पलीकडून आवाज आला. या वेळी मध्ये कुणी नव्हतं.

"बाई, बऱ्या हाय ना?"

मी नळ बंद केला. "बरी हाय गं," एवढंच म्हणाले. धूर, लांडगे, आईची भाकरी, सांगायचं किती साठलं होतं, पण त्याआधी रडूच फुटलं. तिला रडणं ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात पदराचा बोळा कोंबून तशीच उभी राहिले. गेलंच असणार तिला ऐकू.