टाळ्या थांबेपर्यंत

आमच्या नाटक कंपनीत माझ्या धाकट्या बहिणीला सगळे ‘कुजबूज’ म्हणत. ती प्रॉम्प्टर होती. बावीस वर्षं विंगेत एका लाकडी खोक्यावर बसून, मांडीवर वही उघडी ठेवून, तिनं मला वाक्यं पुरवली. प्रेक्षकांना ऐकू जाता कामा नये आणि नटीला ऐकू आलंच पाहिजे, असा एक आवाज असतो. तो तिला होता. मी गर्जना करायची, पण ती गर्जना आधी तिनं माझ्या कानात घातलेली असायची. टाळ्या मला. शेवटी आम्ही सगळे ओळीनं उभे राहून प्रेक्षकांना वाकून नमस्कार करायचो, तेव्हा ती आपलं खोकं उचलून ठेवत असायची. तिला ओळीत बोलवावं, हे मला एकदाही सुचलं नाही.

कंपनी बुडाली तेव्हा ती चाळिशीत होती. विद्यापीठाच्या रसायन विभागात मदतनीस म्हणून लागली. काचेची भांडी धुवायची, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. दर वर्षी नवं नेमणूकपत्र. टोपणनावही तिच्यामागोमाग तिथं गेलं, कारण पहिल्या दिवशी तिला सोडायला मीच गेले होते आणि फाटकातून ओरडले होते, “कुजबूज, डबा विसरलीस!” मला हळू बोलता येत नाही. धंद्याचा दोष.

विभागातले सर पाणी गाळायची एक चादर तयार करत होते. चादर म्हणजे कागदासारखं पातळ, पांढरं पान. एका बाजूनं गढूळ पाणी ओतलं की दुसऱ्या बाजूनं पिण्याजोगं यावं आणि ते स्वस्तात पडावं, ही सरांची इच्छा. माणूस बुद्धीचा मोठा आणि हाताचा आनंद. त्यांनी पेला धरला की कुजबूज केरसुणी घेऊन तयार! हळूहळू चादर ओतायचं काम तिच्याकडंच आलं. मधासारखं दाट द्रावण काचेवर ओतायचं, पोलादी पट्टीनं सारखं पसरायचं, थोडा वेळ हवेत ठेवायचं आणि काच पाण्यात बुडवायची. बुडवताक्षणी पान दुधासारखं पांढरं होतं. हवेत कमी वेळ राहिलं तर भोकं पडतात, जास्त राहिलं तर पाणीच जात नाही. बारा वर्षं तिनं हे केलं. सरांचे शोधनिबंध त्या पानांवर निघाले, दोन विद्यार्थी त्या पानांवर डॉक्टर झाले.

मग एक कारखाना पुढं आला. त्यांनी विद्यापीठाशी करार केला, यंत्र बसवलं आणि सरांच्या कृतीप्रमाणे चादरी काढायला घेतल्या. कृतीत लिहिलं होतं : हवेत तीस सेकंद. यंत्र बिचारं इमानानं तीस सेकंद थांबायचं. चार महिने झाले, एक चादर धड निघेना. महिनाअखेरीपर्यंत निघाली नाही तर करार रद्द, असं कारखान्यानं कळवलं. एकीकडं हे, आणि दुसरीकडं पेटंटचा अर्ज भरायचा म्हणून विद्यापीठाच्या करार विभागातून कुजबुजीच्या हातात एक कागद आला.

तो कागद तिनं माझ्या स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, “ताई, वाच.”

मी मोठ्यांदाच वाचला. “‘मी प्रयोगशाळेत केवळ स्वच्छता व किरकोळ मदत केली असून सदर शोधात माझा कोणताही सहभाग नाही.’ खाली तुझी सही. बरं, मग?”

“मग काय? मी करार विभागाच्या साहेबांना म्हटलं, यातला ‘केवळ’ खोडा आणि पुढचं सगळंच खोडा. चादर मी ओतते.” आणि मग तिनं त्या साहेबाची नक्कल केली. खुर्चीत मागं रेलून, पेनाची टोपी चावत. “‘अहो बाई, स्वयंपाकाला भांडी घासणारी लागते, म्हणून पाककृती तिची होते का?’”

“तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, साहेब, तुमच्या पाककृतीनं चार महिने कारखान्यात करपतंय. भांडी घासणारीला विचारून तर बघा.”

मी हसता हसता चहा सांडला. ती हसली नाही.

“सर तिथंच होते. खिडकीबाहेर बघत. म्हणाले, ‘बाई, हा निव्वळ सोपस्कार आहे, करून टाका.’ मी म्हटलं, सोपस्कारच आहे तर खरा लिहा. खऱ्यालाही तेवढीच शाई लागते. तेव्हा साहेबानं हळूच आठवण करून दिली, की माझं नेमणूकपत्र महिनाअखेरीस संपतंय.”

“आणि?”

“दर वर्षी संपतं. मला सवय आहे.” तिनं कागदाची घडी घातली. “ताई, मला मोठं व्हायचं नाही. पण माझ्याच हातानं मी तिथं नव्हते असं लिहून देऊ? बावीस वर्षं विंगेत बसले, तेव्हा मला कुणी नाही म्हटलं नव्हतं. नुसतं पाहिलं नव्हतं. हे नाही म्हणायला लावतायत.”

मी सांडलेला चहा पुसायला लागले. मला वाक्य पुरवायला विंगेत कुणी नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात कारखान्यातून निरोप आला. तिथल्या मुख्य इंजिनीअर बाईंनी सरांना साधा प्रश्न विचारला होता : विद्यापीठात चादर प्रत्यक्ष ओततं कोण? त्यांना घेऊन या.

“तू चल,” कुजबूज मला म्हणाली. “मोठ्यांदा बोलायला कुणीतरी हवं. पण मी सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही.”

कारखाना झकास होता. पांढऱ्या फरशा, डोक्याला टोप्या, बुटांवर पिशव्या. माझी केशभूषा आणि चाल पाहून इंजिनीअर बाई थेट माझ्याकडं आल्या, हात पुढं करून. “तुम्हीच ना?” मी मान हलवून बहिणीकडं बोट दाखवलं. गप्प बसण्याची भूमिका मी आयुष्यात पहिल्यांदा करत होते. सर आणि करारवाले साहेब भिंतीला लागून उभे होते.

बहिणीनं काच पुसली, द्रावण ओतलं, पट्टी एका दमात ओढली. मग ती काचेवर वाकून उभी राहिली. इंजिनीअर बाईंनी घड्याळ दाबलं. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. आणि मी पाहिलं, तिचे ओठ हलत होते.

ते ओठ मला वाचता येतात, माझं पोट त्यावर चाललं. ती माझं भाषण म्हणत होती! आमच्या सगळ्यात गाजलेल्या नाटकातली गढीची मालकीण, दारात शत्रूचा दूत उभा, आणि ती म्हणते : ‘किल्ल्या माझ्या कमरेला आहेत, आणि कमर अजून वाकलेली नाही.’ इथं हमखास टाळ्या. मी थांबायची. तिथं कुजबुजीचे ओठही थांबले. ती थांबली, थांबली, काचेकडं बघत राहिली, आणि मग शेवटचं वाक्य : ‘जा, सांग तुझ्या सरदाराला.’ त्याबरोबर काच पाण्यात. पान पांढरं झालं, तुकतुकीत, एक भोक नाही.

“एकेचाळीस,” इंजिनीअर बाई म्हणाल्या.

दुसरी चादर छत्तीस सेकंद. बाईंनी हवा कोरडी ठेवणारं खिडकीजवळचं वातानुकूलन यंत्र बंद करायला लावलं, तिसरी सत्तावीस. तिन्ही उत्तम.

“म्हणजे अंदाजपंचे!” करारवाले साहेब खूश झाले. “दर वेळी वेगळा आकडा. याला काय शोध म्हणायचा?”

“सर,” इंजिनीअर बाईंनी विचारलं, “तीस हा आकडा तुम्ही कुठून आणलात?”

सरांनी तिसरी चादर उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, “सुरुवातीला एकदा मोजला होता. त्या दिवशी तीस आले. कृतीत लिहिले. पुढं कधी मोजलंच नाही, कारण चादरी नीट येत होत्या.”

साहेब एक पाऊल पुढं आले. “बाई, आधी सहीचं काय ते बघू. मग तुमची युक्ती सांगा.”

कुजबूज हात पुसत होती. मला वाटलं, आता ही अडवणार. मी असते तर अडवलं असतं. पडदा पाडून तिकिटं परत केली असती. ती म्हणाली, “नाही साहेब. सांगते मी आत्ताच. सांगितल्यावर माझ्या हातात काही उरणार नाही, हे कळतं मला. पण हे पाणी कुणाकुणाला प्यायचंय. सांगते, आणि सहीही करत नाही. काय करायचं ते करा.”

मग ती सरांकडं वळली. “लिहा सर. प्रॉम्प्टर घड्याळ बघत नसतो. टाळ्या थांबेपर्यंत पुढचं वाक्य द्यायचं नाही. कधी टाळ्या लांबतात, कधी लवकर विरतात. काच तशीच आहे. आधी लखलखते. मग हवेतला ओलावा पीत ती चमक कडेकडून विझत येते. मधला शेवटचा ठिपका विझला की बुडवायची. हवा कोरडी असेल तर उशीर लागतो, दमट असेल तर लवकर होतं. आकडा लिहू नका, चमक लिहा.”

इंजिनीअर बाई काचेवर वाकल्या. चौथी चादर बहिणीनं त्यांना ओतायला लावली. चमक विझताना पाहून त्या लहान मुलीसारख्या ओरडल्या, “आता!” आणि काच बुडवली. चादर धड निघाली. “चमक बघणारा डोळा यंत्राला बसवता येतो,” त्या सरांना म्हणाल्या. “चार महिने आम्ही घड्याळच दुरुस्त करत होतो.” मग साहेबांकडं वळल्या, तेव्हा आवाज बदलला होता. “तुमच्या अर्जात यांचं नाव नाही? शोध लावणारा गाळून केलेलं पेटंट उद्या कुणीही कोर्टात पाडेल. अशा कागदावर मी माझं यंत्र उभं करणार नाही.”

“मदतनिसाचं नाव घालायला नियमात...”

“नियमांना मी विचारलेलं नाही, तुम्हाला विचारतेय.”

सर भिंतीपासून सुटून पुढं आले. “नाव घालायचं,” ते म्हणाले. “मी पहिल्यांदाच घालायला हवं होतं.” ते बहिणीकडं बघत नव्हते, पण बोलले. तेवढं श्रेय मी त्यांना देते.

पुढच्या आठवड्यात करार विभागात बोलावणं आलं. नेमणूकपत्र आलं नव्हतं; ते आजही आलेलं नाही, विचारलं की फाइल वर गेली आहे म्हणतात. पण अर्ज नवा होता. साहेबांनी तो टेबलावर सरकवला आणि सहीच्या जागी बोट ठेवलं.

“आधी वाचते,” ती म्हणाली.

“वाचा की.”

आणि तिनं वाचायला सुरुवात केली, मोठ्यांदा. शोधकांची नावं. एक, सरांचं. दोन, तिचं, पहिलं, मधलं, आडनावासकट. पुढं कामाचा तपशील : चादर बुडवण्याची वेळ पृष्ठभागाच्या चमकेवरून ठरवण्याची पद्धत यांची. आयुष्यभर जो आवाज चार हातांपलीकडं गेला नव्हता, तो खोलीभर झाला. शेजारच्या टेबलांवरचे कारकून माना वर करून बघायला लागले.

“बाई,” साहेब कसनुसं हसले, “मनात वाचलं तरी चालेल.”

तिनं पान मागं उलटलं, श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्या नावापासून सुरुवात केली, आधीपेक्षा वरच्या पट्टीत. मी तिच्या मागं उभी राहून टाळ्या वाजवल्या. ती थांबली, टाळ्या संपू दिल्या, आणि मग पुढचं वाक्य वाचलं.